जात चोरणाऱ्याची झोप

मराठी समीक्षेत एक शब्द फार लाडका आहे. 'महानगरीय एकाकीपण'. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली आल्या तेव्हापासून या शब्दाला बरकत आली. गर्दीत माणूस एकटा, यंत्राखाली माणूस पिचला, नात्यातला ओलावा आटला, एवढं लिहिलं की समीक्षा झाली. प्राध्यापक मंडळी त्यात परात्मता टाकतात, अस्तित्ववाद टाकतात, दोनचार फ्रेंच-जर्मन नावं टाकतात. मर्ढेकरांशी माझं भांडण नाही. यंत्राचा आवाज त्यांनी ऐकला होता, हे मी रिंगफ्रेमवर आठ तास उभा राहणारा माणूस कबूल करतो. भांडण आहे ते त्यांच्या मागनं आलेल्या समीक्षकांशी. शहरात माणसाच्या मनाचं जे जे होतं ते सगळं त्यांनी या एका शब्दात कोंबलं आणि वर झाकण लावून टाकलं.

अहो, एकटं वाटून घ्यायला आधी एकट्यापुरती जागा लागते. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात सरकारी खात्यानं बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. त्यात कुटुंब, वर गावाकडनं आलेला चुलतभाऊ, त्याच्या ओळखीचा आणखी एक. आता त्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. पण माझा आजा १९८२ च्या संपापर्यंत मुंबईत गिरणीत होता, तो सांगायचा की रातपाळी करून आलं की ज्या वाकळेवर पडायचं ती अजून गरम असायची, कारण पहिल्या पाळीवाला आत्ताच उठून गेलेला. अशा माणसाला एकाकीपण शिकवायला निघालेल्या समीक्षकाला काय म्हणावं? आज्याला एकटेपणाची भूक होती. दहा मिनिटं कुणी बघत नाही अशी जागा त्याला संडासातसुद्धा मिळाली नाही, तिथंही बाहेर रांग आणि दारावर थाप.

आणखी एक. शहरात एकाकी झालेला तो मराठी साहित्यातला नायक मनातनं गावाकडं जातो. तिथं त्याचा वाडा असतो, आंब्याचं झाड असतं, आजी असते. शहरानं आपल्याला आजारी केलं आणि गाव आपल्याला बरं करील, अशी त्याची समजूत. आपल्याला ही सोय नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे सांगितलं ते आपल्याला पाठ आहे. शहर आपल्यासाठी सुटका होती. पाणी नळाचं, हॉटेलात कप सगळ्यांचा एक, ट्रामच्या बाकावर शेजारी कोण बसलंय ते कोण विचारतो. म्हणून 'शहर वाईट' हा सूर आपल्या कार्यकर्त्यांनी लावू नये. लावला की आपण नकळत त्या वाड्यावाल्याच्या ओळीत जाऊन उभे राहतो.

मग शहरात आपल्या माणसाचं डोकं कशानं बिघडतं? माझं म्हणणं असं की शहरानं दिलेला शब्द अर्धाच पाळला म्हणून. शहर म्हणालं, इथं तुला कुणी ओळखत नाही. आणि मग खोली भाड्यानं देताना विचारलं, आडनाव काय? गिरण्यांचंच बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणखात्यात येऊ देत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि उष्टा धोटा सवर्ण विणकराच्या हातात जायचा. विणखात्यात पगार जास्त. १९२८-२९ च्या संपाच्या दिवसांत बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. सूतखात्यात आपण चालायचो, तिथं उष्ट्याचा प्रश्न नव्हता. म्हणजे यंत्र नवं आणि यंत्रापुढची रांग जुनी. ज्याला त्या रांगेतनं निसटायचं त्यानं नाव बदलायचं, आणि बदललेलं नाव दिवसरात्र सांभाळायचं. या सांभाळण्याला मी पहारा म्हणतो. एकाकीपण हा शब्द त्याला पुरत नाही.

या पहाऱ्यावरचं पहिलं मोठं लिखाण आपल्याकडं खुद्द बाबासाहेबांचं आहे. आपण ते अत्याचाराचा दाखला म्हणून वाचतो, भाषणात सांगतो आणि पुढं जातो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं गेलं. त्यात १९१७ चा वडोद्याचा प्रसंग आहे. परदेशात शिकून आलेला माणूस, संस्थानात मोठी नोकरी, आणि राहायला जागा नाही. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून उतरले. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं कुणी बोलत नाही. वरच्या मजल्यावर एक छोटी खोली, बाकी मोठा हॉल अडगळीनं भरलेला, विजेचा दिवा नाही, रखवालदार रात्रीला एक कंदील आणून ठेवायचा, वटवाघळं उडायची. बाबासाहेब लिहितात की बोलायला कुणीतरी माणूस असावा असं फार वाटायचं. तुरुंगात पडल्यासारखं वाटायचं. मन दुसरीकडं लागावं म्हणून वाचत बसायचे. अकराव्या दिवशी पारशी लोक काठ्या घेऊन आले. मग दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी दोन सभ्य कारणं सांगून टाळलं. मग बागेत बसून राहिले, गाडीच्या वेळेपर्यंत.

काठ्या हा शेवटचा दिवस. माझं लक्ष त्या आधीच्या दहा रात्रींवर आहे. कारण काठी कुणालाही दिसते, तिचा निषेध करता येतो, ठराव करता येतो. त्या दहा रात्री कुणाला दिसत नाहीत. खाली रखवालदार आहे, त्याच्याशी बोलता आलं असतं, पण कोण म्हणून बोलणार? खोट्या नावानं किती बोलणार? आता इथं खरोखरच एकटेपण आहे. पण ते मर्ढेकरी समीक्षेचं नव्हे. माणूस जवळ असून बोलता येत नाही आणि का येत नाही याचं कारण रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे, असलं हे एकटेपण. बाबासाहेबांनी हे सगळं लपवलं नाही. इतक्या वर्षांनी लिहितानाही डोळ्यांत पाणी येतं, असं त्यांनी लिहून ठेवलं. आपल्या पोस्टरवरच्या बाबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी कधी नसतं. पोस्टर रंगवणाऱ्याला मी दोष देत नाही, पोस्टरचं काम वेगळं. पण समीक्षेचं काम पोस्टरचं नाही ना!

वडोद्याहून त्याच लोहमार्गानं खाली आलं की सुरतेच्या पलीकडं उधना लागतं. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा तिथं घडते. संग्रह १९६३ चा. वडोद्याच्या प्रसंगानंतर शेहेचाळीस वर्षं, मध्ये स्वातंत्र्य, मध्ये घटना, मध्ये धर्मांतर. आणि माणूस पुन्हा रेल्वेगाडीतनं उतरतो आणि खोली शोधतो. नोकरी रेल्वेतली आहे. जात विचारल्यावर तो आपण मुंबईकर असल्याचं ऐटीत सांगतो. याला खोली मिळते, मान मिळतो, हा कवी आहे म्हणून लोक आदरानं वागतात. त्याच ठिकाणी काशीनाथ आहे. काशीनाथ जात लपवत नाही. त्याला सगळे छळतात, आणि तो कुणाला जुमानत नाही. शेवटी चोरलेली जात उघडी पडते, कवी मार खातो, आणि काशीनाथ सुरा घेऊन येतो आणि त्याला सोडवतो.

ही कथा आपल्याकडं कशी वाचली जाते? काशीनाथसाठी. मी ज्या ज्या चर्चेला बसलो तिथं पोरं काशीनाथवर बोलली. सुरा, संताप, नकार. विद्रोहाचा पहिला माणूस म्हणून त्याला हार घातला जातो आणि निवेदक बिचारा भित्रा म्हणून बाजूला. मला हे वाचन उथळ वाटतं. बागुलांनी कथा काशीनाथच्या तोंडून सांगितलेली नाही. सांगतो आहे तो जात चोरणारा 'मी'. सगळी कथा त्याच्या छातीतल्या धडधडीवर चालते. समोरचा गोड बोलला की याला जास्त भीती. जेवायला बोलावलं की घास उतरत नाही. कुणी आदरानं पाया पडायला लागला की याच्या अंगाला घाम. मार पडण्याच्या कितीतरी आधी हा माणूस आतनं फुटत चाललेला आहे, आणि हे आपल्याला कळावं म्हणून तर बागुलांनी 'मी' वापरला. सुऱ्यानं काशीनाथ याला माणसांच्या तावडीतनं सोडवतो. आतल्या पहाऱ्यातनं सोडवणं सुऱ्याला कसं जमणार?

आणि काशीनाथचं तरी बरं चाललंय असं कोण म्हणतं? जो माणूस कामावर जाताना सुरा घेऊन जातो त्याला रात्री झोप कशी लागत असेल? एकानं जात लपवली, एकानं उघडी मिरवली, दोघंही चोवीस तास सावध. एकाच आजाराची ही दोन माणसं आहेत असं मला वाटतं. हे आपल्यातल्या काहींना रुचणार नाही.

दया पवारांच्या 'बलुतं'त (१९७८) दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो. आपलंच नाव, आपणच सांगणारा, आपणच ऐकणारा. समीक्षकांनी याला निवेदनाची युक्ती म्हटलं. युक्ती कसली? ऑफिसात दया आणि आतमध्ये दगडू, हे ज्यानं शहरात नोकरी करून भोगलंय त्याला विचारा. दोन नावांनी जगणाऱ्या माणसाला आपल्याच गोष्टीचा श्रोता व्हावं लागतं, कारण दुसरा श्रोता मिळत नाही. यावर कुणीतरी शिकलेल्या मित्रानं सविस्तर लिहावं, माझी तेवढी तयारी नाही.

आता कुणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची चाचणी घेतली. घर मागणारे बाकी सगळ्या बाबतीत सारखे, वेगळं फक्त नाव. दलित आणि मुसलमान नावं ऐकली की दारं बंद होत गेली, नाहीतर अटी वाढत गेल्या.

दिल्ली लांब राहिली. आमच्याच गिरणीतला एक साइडर आहे, माझ्या खात्यातला, मराठवाड्यातनं आलेला. यानं गावाच्या नावावरनं 'कर' लावलेलं आडनाव सांगून गल्लीत खोली घेतली. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. १४ एप्रिलला घरमालकाला सांगायचं, ओव्हरटाईम हाय, आणि तीन मैल लांबच्या वस्तीत जाऊन मिरवणुकीत नाचायचं, परत येताना गुलाल धुऊन यायचं. हे त्यानं चार वर्षं केलं. पाचव्या वर्षी झोप गेली. मला म्हणाला, "भाऊ, झोपंत काय बोललो तर? जयभीम म्हणून गेलो तर? भिंत पत्र्याची हाय." म्हणून जागा राहायचा. रातपाळीला साच्यावर धागे तुटत राहायचे आणि हा बघत उभा. जॉबर शिव्या द्यायचा. गल्लीतल्या डॉक्टरनं ताकदीचं सलाईन लावलं. सासऱ्यानं देवऋषी केला, बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरात! शेवटी मी आणि आणखी एक दोस्त त्याला सरकारी दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो.

डॉक्टर चांगला माणूस होता. झोपेचं विचारलं, दारूचं विचारलं, घराण्यात कुणाला असं झालंय का ते विचारलं. खोली कशी मिळाली हे नाही विचारलं. आणि यानंही नाही सांगितलं, कारण औषधं देणारा माणूस त्याच गल्लीतला निघाला. म्हणजे दवाखान्यातही पहारा चालूच. तरी गोळ्या लागू पडल्या. तिसऱ्या आठवड्यात तो सहा तास झोपला.

हे आमच्या एका कार्यकर्त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गोळ्या खाऊन जात जाते का? हा व्यवस्थेचा रोग आहे, व्यवस्था बदलली पाहिजे." मला त्याचा राग आला. व्यवस्था बदलली पाहिजे हे मला तो शिकवणार! पण तोवर हा माणूस झोपणार कधी? मोडलेल्या पायाला प्लास्टर घालताना आपण म्हणतो का, की आधी रस्त्यातले खड्डे बुजवा? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण वडोदा-उधन्याचा गुजरात होता. प्रौढांमध्ये शंभरात दहाच्या वर माणसांना त्या वेळी कसला ना कसला मनाचा आजार होता, मोठ्या शहरांत खेड्यांपेक्षा जास्त, आणि आजाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेला नव्हता. या न पोचलेल्यांत आपली माणसं कुठं उभी असतील याचा हिशोब करायला प्राध्यापक लागत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मन बिघडलेल्या माणसानं बोलायला. मी हा नंबर समीक्षेच्या लेखात लिहितोय म्हणून कुणाला हसायचं असेल तर हसा.

सरकारलाही मन हा शब्द आवडतो, पण वेगळ्या कामासाठी. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहातनं काढलं होतं. पुन्हा खोलीच. विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर झोपत होते. त्या जागेला त्यांनी वेलिवाडा नाव दिलं होतं, म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. १७ जानेवारीला रोहित गेला. नंतर नेमलेल्या रूपनवाल आयोगानं निष्कर्ष काढला की कारण वैयक्तिक, विद्यापीठाचा काही दोष नाही. बघा कसं. मन आजारी आहे असं म्हटलं की खोली काढून घेणारा सुटतो. म्हणून आपल्या लोकांना मनाच्या आजाराचं नाव काढायला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नाही. आपण मग दुसऱ्या टोकाला जातो. आपण म्हणतो, मन वगैरे काही नाही, सगळी व्यवस्था. सरकार म्हणतं, व्यवस्था वगैरे काही नाही, सगळं मन. आणि या ओढाओढीत ज्याचं मन आहे तो माणूस कुणाला सापडत नाही.

विलास घोगरेंचं नाव घेतल्याशिवाय हा लेख पुढं जात नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. त्याच आठवड्यात मुलुंडला राहणाऱ्या या शाहिरानं स्वतःला संपवलं. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) तिथनं सुरू होतो. आपण त्याला शहीद म्हटलं. गोळी चालवणाऱ्यांना त्याचा मृत्यू चुकवता येत नाही, या अर्थानं ते बरोबर आहे. पण शहीद म्हटलं की पुढचा प्रश्न बंद होतो. गाणारा माणूस गोळीबारानंतरचे ते दिवस आणि त्या रात्री कशा काढत होता, हा प्रश्न. हा प्रश्न मी त्याच्या जवळच्या कुणाला विचारत नाहीये, तो हक्क मला नाही. आजच्या तरुण शाहिरांना, कवींना विचारतोय. मोर्चाहून आल्यावर, स्टेज उतरल्यावर, चार दिवस कोण कुणाच्या घरी जातं? गाडीभाड्याचे पैसे आपण वर्गणी काढून देतो. झोपेचं कुणी विचारतं?

आपल्या अंकांकडं येणाऱ्या कविता मी वाचतो. दहातल्या नऊ कवितांत सूर्य असतो, मशाल असते, ज्वालामुखी असतो. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा ढसाळांनी त्या भाषेची किंमत मोजलेली होती, तो ज्वालामुखी उसना नव्हता. आज तोच शब्द पाठ करून लिहिणाऱ्याचा पहारा शब्दांत बसलेला असतो. आपण घाबरलेले दिसू नये, रडलेले दिसू नये, एवढ्याचसाठी कविता. एकही कविता अशी येत नाही की ज्यात ट्रंकेतला फोटो आहे. लिहिणाऱ्यांच्या घरात ट्रंका नाहीत का?

बायांनी मात्र लिहिलं. मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' १९८४ साली आलं. चळवळीतल्या पुढाऱ्याचं घर आतनं कसं असतं, शहरात त्या घरातल्या बाईच्या मनाचं काय होतं, हे त्यात रोखठोक आहे. ढसाळांच्या कवितेवर ज्यांचं प्रेम आहे त्यांना ते पुस्तक टोचतं. मलाही टोचलं, दोनदा खाली ठेवलं, तिसऱ्यांदा पुरं केलं. पण घरमालकाच्या दारात आपला माणूस जो पहारा देतो, त्याचा राग घरी येऊन कुणावर निघतो, हे बागुलांच्या कथेतही नाही आणि 'बलुतं'तही पुरतं नाही. ते इथं आहे. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात हे पुस्तक नाही. का नाही असं विचारल्यावर एकजण म्हणाला, त्यानं आपलीच बदनामी होते. दोन प्रती मागवायला सांगितल्या आहेत. एक माझ्या पगारातनं.